निवासी शाळेचे ग्रंथालय: उघडण्याच्या वेळा आणि कर्मचारी-नियोजन

घटकाची उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील:

१. निवासी आणि अनिवासी शाळेच्या ग्रंथालयातील मूलभूत फरक सांगता येईल.
२. ‘द्वार-तास’ ही कल्पना वापरून कर्मचाऱ्यांची गरज मोजता येईल.
३. एकच ग्रंथपाल असलेल्या निवासी शाळेसाठी व्यवहार्य वेळापत्रक तयार करता येईल.
४. ग्रंथपालाचे पदच नसलेल्या शाळेत ग्रंथालय उघडे कसे ठेवता येईल, याचा विचार करता येईल.

१. प्रस्तावना: एक रस्ता, तीन प्रकारचे वाचक

नवी दिल्लीत कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा रस्ता म्हणजे कस्तुरबा गांधी मार्ग. पूर्वी याचे नाव कर्झन रोड होते. ग्रंथालयाच्या वेळांचा प्रश्न समजून घ्यायला हा एकच रस्ता पुरेसा आहे.

याच रस्त्यावर अमेरिकन सेंटर आणि ब्रिटिश कौन्सिल यांची प्रसिद्ध ग्रंथालये आहेत. अशा ग्रंथालयाचा सभासद शहरात मोकळेपणाने फिरणारा असतो. तो फलकावरची वेळ पाहतो, आपले काम त्यानुसार लावतो आणि येतो. एखाद्या दिवशी दार बंद दिसले तर दुसरे ग्रंथालय, पुस्तकांचे दुकान किंवा मोबाइल हे पर्याय त्याच्याजवळ असतात.

याच रस्त्यावर भारतीय विद्या भवनचे मेहता विद्यालय आहे. ही अनिवासी शाळा. शाळा सुटली की मुले घरी जातात. त्यांचा वाचनाचा मोकळा वेळ घरी जातो, म्हणून शाळेच्या वेळेत ग्रंथालय उघडे असले की बहुतेक गरज भागते.

तिसरा प्रकार या रस्त्यावर नाही, पण त्याचे नाव याच रस्त्याला मिळालेल्या नावाशी जुळते. केंद्र सरकारने २००४ साली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय ही योजना सुरू केली. शैक्षणिकदृष्ट्या मागास तालुक्यांतील अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलींसाठी या निवासी शाळा आहेत. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांत त्या चालतात. येथील मुलगी शाळा सुटल्यावर कुठेच जात नाही. तिचे घर, शाळा, मैदान आणि ग्रंथालय एकाच कुंपणाच्या आत असते. त्या कुंपणातले ग्रंथालय बंद असेल तर तिच्यासाठी दुसरे ग्रंथालय नाही.

शहरातला वाचक ग्रंथालयाची वेळ गाठू शकतो. निवासी शाळेत मात्र ग्रंथालयालाच वाचकाची वेळ गाठावी लागते. या घटकातील सगळी मांडणी या एका फरकावर उभी आहे.

२. नियम काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तेथे वृत्तपत्रे, नियतकालिके, सर्व विषयांवरील पुस्तके आणि गोष्टींची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. ग्रंथालय किती तास आणि कोणत्या वेळी उघडे असावे, याबद्दल अनुसूचीत काही नाही. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदान मिळते. हे पैसे पुस्तकांसाठी आहेत, दार उघडणाऱ्या माणसासाठी नाहीत.

पदनिर्मितीचे निकषही पाहा. महाराष्ट्रातील अनुदानित माध्यमिक शाळांत ग्रंथपालाचे पद विद्यार्थिसंख्येवर ठरते. संख्या कमी असेल तर अर्धवेळ, जास्त असेल तर पूर्णवेळ. अनिवासी शाळेसाठी हा निकष समजण्यासारखा आहे. पण निवासी शाळेत तेवढेच विद्यार्थी चोवीस तास असतात. डोकी तीच, तास मात्र कितीतरी अधिक. म्हणून तेथे केवळ डोकी मोजून पद ठरवले तर हिशेब चुकतो. तासही मोजावे लागतात.

३. द्वार-तास: मोजण्याचे साधन

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रे १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली. ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ या पहिल्याच सूत्राच्या विवेचनात त्यांनी ग्रंथालयाची जागा, वेळा, फर्निचर आणि कर्मचारी यांचा विचार केला आहे. पुस्तक वापरले जावे असे खरोखर वाटत असेल, तर वाचक मोकळा असताना दार उघडे हवे, हा त्याचा सरळ अर्थ.

रंगनाथन यांच्या कर्मचारी-सूत्रात देवघेव विभागासाठी ‘गेट अवर’ हे एकक वापरले आहे. आपण त्याला द्वार-तास म्हणू. देवघेवीची एक खिडकी एक तास उघडी राहिली की एक द्वार-तास होतो. सूत्र असे:

देवघेव विभागातील कर्मचारी = वर्षभरातील एकूण द्वार-तास ÷ १५००

या सूत्रात विद्यार्थिसंख्या कुठेही नाही. दार किती वेळ उघडे ठेवायचे आहे, यावरून माणसांची संख्या निघते.

४. उदाहरण: ५६० विद्यार्थ्यांची निवासी शाळा

उदाहरणासाठी जवाहर नवोदय विद्यालयाच्या आकाराची शाळा घेऊ. देशातील पहिली दोन नवोदय विद्यालये १९८५-८६ साली सुरू झाली. त्यांतील एक महाराष्ट्रात अमरावतीला आणि दुसरे हरियाणात झज्जरला. सहावी ते बारावीच्या सात वर्गांत प्रत्येकी ८० विद्यार्थी धरले तर संख्या ५६० होते. ४० विद्यार्थ्यांची एक तुकडी धरली तर १४ तुकड्या होतात. या विद्यालयांत ग्रंथपालाचे एक पद असते. पुढील वेळापत्रक आणि आकडे हे केवळ गणित समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक शाळेचा दिनक्रम वेगळा असू शकतो.

वर्ग सकाळी ८ ते दुपारी २. दुपारी ३:३० ते ४:३० स्वयंअध्ययन. त्यानंतर खेळ. संध्याकाळी ७ ते ८:३० पुन्हा अभ्यास. रविवारी सकाळी कपडे, साफसफाई. नंतर मोकळा वेळ. वर्षात ४० आठवडे शाळा भरते असे धरू.

*पहिला आराखडा: अनिवासी शाळेसारखा.* ग्रंथालय सोमवार ते शनिवार, वर्गांच्या वेळेत उघडे. आठवड्याचे तास ६ × ६ = ३६. वर्षाचे द्वार-तास ३६ × ४० = १४४०. भागिले १५०० केले की उत्तर ०.९६, म्हणजे एक ग्रंथपाल पुरतो. कागदावर सगळे ठीक दिसते. आता विचारा: या ३६ तासांपैकी विद्यार्थी स्वतःच्या मर्जीने ग्रंथालयात येऊ शकेल असे तास किती? मधली सुट्टी सोडली तर शून्य. ८ ते २ या वेळेत तो वर्गात बसलेला असतो. त्याचा वर्ग सुटतो तेव्हाच ग्रंथालयाला कुलूप लागते.

*दुसरा आराखडा: सगळेच तास.* वर्गांच्या वेळेत ३६ तास, त्यात दुपारचा १ आणि संध्याकाळचा दीड तास मिळून रोज अडीच, म्हणजे सहा दिवसांचे १५, आणि रविवारचे ४. एकूण ५५. वर्षाचे द्वार-तास २२००. भागिले १५०० केले की १.४७. म्हणजे जवळजवळ दीड माणूस. त्यातही ही फक्त देवघेवीची गरज झाली. दाखलनोंद, वर्गीकरण, तालिकीकरण आणि ग्रंथपडताळणी यांचा वेळ वेगळा.

अनिवासी शाळेतून निवासी शाळेत आलो आणि पद एकच राहिले, तर अर्धा माणूस कमी पडतो. हा अर्धा माणूस प्रत्यक्षात कुठून येतो? बहुतेक वेळा एकतर ग्रंथपालाच्या विश्रांतीतून किंवा विद्यार्थ्याच्या वाचनातून. दोन्ही टाळायचे असेल तर तासांची जागा बदलावी लागते.

*तिसरा आराखडा: तास सरकवणे.* वर्गांच्या वेळेतील सगळे तास सारख्या उपयोगाचे नसतात. १४ तुकड्यांना आठवड्यातून एक ग्रंथालय तासिका, ४० मिनिटांची, दिली तर एकूण ५६० मिनिटे, म्हणजे ९ तास २० मिनिटे लागतात. उरलेला वेळ ग्रंथालय बहुतांशी रिकामे असते. म्हणून सकाळचे पहिले तीन तास बंद ठेवून पुढीलप्रमाणे रचना करू:

- सकाळी ११ ते दुपारी २: ग्रंथालय तासिका आणि मधली सुट्टी (३ तास)
- दुपारी ३:३० ते ४:३०: मुक्त वाचन आणि देवघेव (१ तास)
- दुपारी ४:३० ते ५:३०: दार बंद, तांत्रिक काम (१ तास)
- संध्याकाळी ७ ते ८:३०: मुक्त वाचन आणि देवघेव (दीड तास)
- रविवारी ४ तास
- आठवड्यातील एक दिवस, समजा बुधवार, ग्रंथपालाची साप्ताहिक सुट्टी. त्या दिवशी तासिका नाहीत. दुपारचे व संध्याकाळचे अडीच तास एक शिक्षक आणि विद्यार्थी ग्रंथालय समिती सांभाळतात.

आता बेरीज करा. ग्रंथपालाचे पाच दिवस प्रत्येकी साडेसहा तास, म्हणजे ३२.५, त्यात रविवारचे ४ मिळवले की ३६.५ तास. शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत शिक्षकासाठी तयारीच्या वेळेसह आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत. ते माप म्हणून धरले तरी साडेआठ तास हाताशी राहतात. पुस्तकनिवड, समितीचे प्रशिक्षण, लहान वर्गांसाठी कथावाचन ही कामे त्यात बसतात. पाच दिवसांत रोज चार तासिका धरल्या तर २० तासिका मिळतात, गरज १४ ची आहे.

ग्रंथालय आठवड्याला किती तास उघडे राहिले? पाच दिवस प्रत्येकी साडेपाच, रविवारचे चार, बुधवारचे अडीच: एकूण ३४. म्हणजे पहिल्या आराखड्यापेक्षा दोन तास कमीच. पण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वेळेतले तास शून्यावरून १९ वर गेले. माणूस तोच, पगार तोच. फक्त दार कधी उघडायचे हा निर्णय वाचकाच्या दिनक्रमावरून घेतला.

५. ग्रंथपालाच्या बाजूने

तिसऱ्या आराखड्याची एक अडचण उघड आहे. ग्रंथपालाचा दिवस सकाळी ११ ला सुरू होऊन रात्री साडेआठला संपतो, तोही तुकड्यातुकड्यांनी. आवारात निवासस्थान नसेल तर हे जमणे कठीण. म्हणून वेळापत्रक लागू करण्याआधी काही गोष्टी लेखी ठरवाव्यात.

पहिली: साप्ताहिक सुट्टी आठवड्याच्या मधल्या दिवशी दिली तरी ती पूर्ण दिवसाची असावी.
दुसरी: सकाळी ११ च्या आधी ग्रंथपालाला गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर बदली म्हणून पाठवू नये. ‘सकाळी मोकळेच असता ना’ असे म्हणत हे तास हळूहळू खाल्ले जातात आणि मग संध्याकाळचे दार बंद होते.
तिसरी: संध्याकाळचे ग्रंथालय सांभाळणाऱ्यावर त्याच दिवशी वसतिगृहाची रात्रपाळी लादू नये.
चौथी: निधी उपलब्ध असेल तर संध्याकाळपुरता अर्धवेळ ग्रंथालय परिचर नेमण्याचा प्रस्ताव द्यावा. प्रस्तावात ‘काम फार आहे’ असे न लिहिता द्वार-तासांचा तक्ता जोडावा. आकड्यांना उत्तर द्यावे लागते.

६. ग्रंथपालाचे पदच नसेल तर

कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाच्या मूळ कर्मचारी-रचनेत वॉर्डन, पूर्णवेळ आणि अर्धवेळ शिक्षिका, लेखापाल, स्वयंपाकी, चौकीदार अशी पदे दिसतात. ग्रंथपालाचे स्वतंत्र पद नाही. मूळ योजना सहावी ते आठवीपर्यंतची होती. समग्र शिक्षेत २०१८-१९ पासून ती बारावीपर्यंत वाढवण्याची तरतूद झाली. म्हणजे वाचक मोठ्या झाल्या आणि त्यांची गरजही वाढली.

अशा शाळेत ‘वेळ काय ठेवायची’ हा प्रश्न लवकरच ‘चावी कोणाकडे’ या प्रश्नावर येतो. चावी एकाच व्यक्तीकडे असेल तर ती व्यक्ती रजेवर गेली की ग्रंथालयही रजेवर जाते. त्यासाठी तीन उपाय:

- पुस्तके कार्यालयाच्या कपाटात न ठेवता मुली जिथे अभ्यासाला बसतात त्या खोलीत खुल्या मांडणीवर ठेवावीत. यालाच मुक्तद्वार पद्धती म्हणतात. अभ्यासाची खोली उघडी असेल तेवढा वेळ ग्रंथालयही आपोआप उघडे राहते.
- देवघेवीसाठी रोज फक्त अर्धा तास ठरवावा आणि पूर्णवेळ शिक्षिकांमध्ये वार वाटून द्यावेत. हा अर्धा तास त्यांच्या कामाच्या तासांत धरावा.
- मुलींची ग्रंथालय समिती करावी. १२ मुली, रोज दोघी, आठवड्याचे सहा दिवस: प्रत्येकीला आठवड्यातून एकदाच पाळी येते. नोंदवही लिहिणे, पुस्तके जागेवर लावणे, फाटलेले पुस्तक बाजूला काढणे एवढेच काम त्यांच्याकडे असावे. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई किंवा दंडवसुली समितीवर टाकू नये. समिती हे शिकण्याचे साधन आहे, रिकाम्या पदाची भरपाई नव्हे.

७. कुलूप का लागते?

वेळापत्रक उत्तम असूनही अनेक ग्रंथालये बंद राहतात, त्यामागे आळसापेक्षा भीती असते. पुस्तक हरवले तर वसुली माझ्याकडून होईल, ही ती भीती. जो पुस्तक देतच नाही त्याचे पुस्तक हरवतही नाही, म्हणून कुलूप सर्वांत सुरक्षित वाटते.

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम २१५ येथे माहीत असावा. वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचनासाठी हाताळल्या गेलेल्या दर १००० ग्रंथांमागे ५ ग्रंथांची हानी वाजवी मानता येते, मात्र ती अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे झालेली नसावी. १,००० रुपयांहून अधिक किमतीचा ग्रंथ आणि कोणताही दुर्मीळ ग्रंथ हरवल्यास चौकशी आवश्यकच असते. २०,००० पर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयात दरवर्षी संपूर्ण पडताळणी करायची असते.

वरच्या उदाहरणात ५६० विद्यार्थ्यांनी ४० आठवडे दर आठवड्याला एक पुस्तक नेले तर २२,४०० वेळा देवघेव होईल. त्यामागे ११२ ग्रंथांपर्यंतची हानी वाजवी ठरू शकते. ज्या ग्रंथालयाने एकही पुस्तक दिले नाही त्याला ही सवलत शून्य. नियमाचा कल असा उघड्या दाराकडे आहे. राज्य शासनाच्या किंवा संस्थेच्या शाळांना त्यांचे स्वतःचे नियम लागू असतात, म्हणून आपल्या शाळेला कोणता नियम लागू आहे हे पाहूनच हिशेब मांडावा. देवघेवीची नोंद नीट ठेवली नसेल तर मात्र या सवलतीचा आधार घेता येत नाही. नोंदवही ही ग्रंथपालाची ढाल आहे.

८. वेळ ठरवताना आणखी काय पाहावे

*सुरक्षितता.* अंधार पडल्यावर मुली वसतिगृहातून ग्रंथालयात कशा येतात? रस्त्यावर दिवे आहेत का? ग्रंथालय वसतिगृहाच्या इमारतीतच असणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल तर मुलींनी गटाने यावे-जावे, वॉर्डनकडे नावांची यादी असावी आणि संध्याकाळी महिला कर्मचारी हजर असावी.

*भाषा.* नवोदय विद्यालयांत नववीचे सुमारे ३० टक्के विद्यार्थी एका वर्षासाठी हिंदी भाषक आणि अहिंदी भाषक प्रदेशांत अदलाबदलीने जातात. महाराष्ट्रातून हिंदी प्रदेशात गेलेल्या मुलाला रविवारी चार ओळी मराठी वाचायला मिळणे ही लहान गोष्ट नाही. रविवारचे चार तास ठेवताना त्या भाषेतले वृत्तपत्र किंवा अंकही टेबलावर ठेवावेत.

*सुट्टी.* दीर्घ सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात पुस्तके परत मागवून ग्रंथालय बंद करण्याची पद्धत दिसते. पडताळणी थोडी आधी उरकली तर सुट्टीसाठी प्रत्येकाला दोन-तीन पुस्तके घरी देता येतात. ज्या घरात छापील पुस्तक नाही तिथे ती भावंडेही वाचतात.

९. सारांश

निवासी शाळेत वाचक ग्रंथालयाच्या अगदी जवळ राहतो, तरी चुकीच्या वेळांमुळे तो त्यापासून दूर राहतो. म्हणून आधी विद्यार्थ्याच्या मोकळ्या तासांची यादी करा, त्यावरून उघडण्याच्या वेळा ठरवा, त्यांचे द्वार-तास काढा आणि मग माणसे मोजा. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो: आधी पद, मग त्या पदाची कार्यालयीन वेळ आणि शेवटी उरलाच तर वाचक. क्रम सुलटा केला की आहे त्या माणसाकडूनही बरेच साधते, आणि जे साधत नाही त्यासाठी किती माणूस हवा हे आकड्यात सांगता येते.

स्वाध्याय

१. एका निवासी शाळेचे ग्रंथालय आठवड्याला ४८ तास आणि वर्षात ४२ आठवडे उघडे ठेवायचे आहे. द्वार-तास व देवघेव विभागाची कर्मचारी-गरज काढा.
२. १०० मुलींच्या, ग्रंथपालाचे पद नसलेल्या निवासी शाळेसाठी एका आठवड्याचे वेळापत्रक तयार करा. प्रत्येक पाळीसमोर जबाबदार व्यक्तीचे पद लिहा.
३. तुम्ही स्वतः वसतिगृहात राहत असाल तर तुमच्या आठवड्यातील मोकळे तास आणि महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या वेळा शेजारी शेजारी लिहा. दोन्ही किती तास जुळतात?
४. ‘ग्रंथालय अधिक तास उघडे ठेवणे म्हणजे नेहमीच चांगली सेवा’ या विधानावर वरील तीन आराखड्यांच्या आधारे चर्चा करा.